टाकीला ऋतू हवेत

मोठ्या मत्स्यालयांत एक गोष्ट जवळपास ठरलेली असते. आत शिरल्या शिरल्या भेटतात ते लांबून आणलेले पाहुणे. ॲमेझॉनमधला माणसाहून लांब अरापायमा, लाल पोटाचे पिरान्हा, डोक्यावरून शार्क पोहत जातात तो बोगदा. बाहेर पडायच्या वाटेवर, पाय दुखायला लागलेले असतात तेव्हा, दोन-तीन अंधुक टाक्या लागतात. वर पाटी असते, ‘आपल्या नदीतले मासे’. करडे, तपकिरी, रुपेरी. मुलं काचेला एकदा हात लावतात आणि पुढे पळतात.

मी काही वर्षं अशाच एका मत्स्यालयात काचेच्या मागच्या बाजूला काम केलं. तिथली फरशी कायम ओली, आणि पंपांची घरघर कानात घेऊनच घरी जायचं. अरापायमाने एक दिवस खाल्लं नाही तर बैठक भरायची. नदीच्या माशांपैकी कुणी दगावला तर सकाळी जाळीने काढायचा, वहीत एक आकडा कमी करायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. का गेला असं विचारलं की उत्तर यायचं, “अगं, ते इथलेच आहेत. त्यांना काय होतंय?”

या वाक्याशी माझं भांडण आहे. इथला आहे म्हणजे काटक आहे, असं आपण धरून चालतो. पण मासा ‘इथला’ म्हणजे नेमका कुठला? तो शहराचा नसतो, देशाचाही नसतो. तो एका नदीचा असतो, आणि त्या नदीतल्याही एका पट्ट्याचा. कुणी उथळ खळाळातल्या दगडाखालचा, कुणी डोहाच्या तळाचा, कुणी पुराचं पाणी पसरतं त्या गवताळ काठाचा. त्याचं शरीर त्या पट्ट्याच्या वर्षभराच्या चालीला जुळलेलं असतं: पाणी कधी चढतं, कधी गढूळ होतं, कधी गार पडतं, दिवस कधी लहान होतो. परदेशी पाहुण्याच्या बाबतीत आपलं अज्ञान आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण वाचतो, विचारतो, मोजतो. घरच्या माशाचं सगळं माहीत आहे असं वाटतं, म्हणून मोजायला कुणी जात नाही.

सार्वजनिक मत्स्यालयांनी स्थानिक मासे ठेवावेत, आज ठेवतात त्याहून जास्त ठेवावेत आणि दाराशी ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. पण त्यांच्या टाक्या प्रेक्षकांच्या डोळ्यांना बऱ्या दिसतील अशा चालवू नयेत. नदीच्या वर्षाप्रमाणे चालवाव्यात. आणि ते जमतंय की नाही हे लोकांना तपासता यावं म्हणून मेलेल्या माशांचा हिशेब उघडा ठेवावा.

एक प्रसंग सांगते. पहाटे, दिवे लागायच्या आधी, बॅटरी घेऊन टाक्यांवरून फेरी मारायची मला सवय होती. दिवसा लपणारे तळाचे मासे तेव्हा बाहेर असतात. बोटभर लांबीचा, तळात तोंड खुपसून खाणारा एक मासा काचेला अंग टेकवून पडला होता. बॅटरी तिरकी धरली तेव्हा दिसलं की त्याच्या दोन मिशा मुळापाशी खुंटल्या आहेत, टोकं तांबूस आणि जराशी सुजलेली. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्यांच्या मिशा कमी-जास्त झिजलेल्या. बाही वर करून मी तळाची मूठभर खडी काढली आणि तळहातावर चोळली. ओरखडे उठले. ती यंत्राने फोडलेली खडी होती, रंग छान दिसतो म्हणून आणलेली. नदीतली वाळू वाहत्या पाण्यात घासून घासून गुळगुळीत झालेली असते. आमचा मासा दिवसभर पॉलिश पेपरवर तोंड घासत होता.

खायला मात्र तो रोज येत होता, आणि खातोय म्हणजे बरा आहे, एवढाच तिथला निकष होता. खडी बदला असं मी सांगितलं. त्यासाठी टाकी काही दिवस बंद ठेवावी लागली असती, म्हणून ते काम पुढे ढकललं गेलं. दीड महिन्यात नऊ मासे गेले. वहीत कारण लिहिलं: नैसर्गिक मृत्यू.

मिशीच्या जखमेने मासा कसा मरतो, असा प्रश्न कुणालाही पडेल. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्याहून खारट असतं. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आणि कातडीतून सतत आत झिरपत राहतं. मासा ते पीत नाही, ते आपसूक शिरतं. मूत्रपिंडं ते रात्रंदिवस बाहेर टाकतात आणि त्याबरोबर निसटणारे क्षार कल्ले पाण्यातून पुन्हा ओढून घेतात. गळक्या होडीतलं पाणी उपसत राहावं तसा हा जन्मभराचा उद्योग आहे. खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर ही त्या होडीची फळकुटं. ती कुठेही खरवडली की गळती वाढते, आणि त्याच भोकातून जिवाणू आणि बुरशी आत येतात. प्रवासाने शिणलेल्या माशांच्या पाण्यात लिटरला दोन-तीन ग्रॅम मीठ घालतात ते यासाठीच. आतलं-बाहेरचं अंतर कमी झालं की उपसा कमी होतो आणि जीव जरा विसावतो. खरखरीत जाळी, कोरड्या हातांनी धरणं, धारदार कोपरा, फोडलेली खडी या सगळ्या गोष्टी माणसाला किरकोळ वाटतात, माशाला नाही.

मोठी टाकी म्हणजे सुरक्षित टाकी, हाही असाच एक समज. त्यात अर्धं तथ्य आहे. पाणी भरपूर असलं की त्यात बिघाड हळू होतो. माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया फिल्टरमधले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकतात. हे जिवाणू नव्या टाकीत जम बसवायला महिना-दीड महिना घेतात, थंड पाण्यात त्याहून जास्त. तेवढा धीर उद्घाटनाच्या तारखेला क्वचितच असतो. शिवाय अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला शंभरात अर्धा भागच विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच पाचावर जातो. म्हणजे चाचणीत आकडा तोच दिसतो आणि विष दहापट झालेलं असतं. ज्या नदीचं पाणी मुळात किंचित आम्लधर्मी आहे तिथला मासा नळाच्या जड पाण्यात ठेवला तर त्याला हा फरक रोज सोसावा लागतो.

उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही. लाखभर लिटरच्या टाकीत आजारी मासा सापडत नाही. सापडला तरी पकडता येत नाही. पकडायला पाणबुड्या उतरवावा लागतो आणि तो एकाच्या मागे धावतो तेव्हा बाकीचे सगळे भेदरतात. औषध द्यायचं तर सगळ्या पाण्याला द्यावं लागतं, आणि त्यातली काही औषधं फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतात. घरच्या टाकीत संध्याकाळी ध्यानात येणारी गोष्ट इथे महिन्याने कळते. म्हणून टाकी जितकी मोठी, तितकी मागची जागा मोठी हवी: विलगीकरणाच्या टाक्या, उपचाराच्या टाक्या, पिल्लांच्या टाक्या, म्हाताऱ्यांच्या टाक्या. समोर दिसणाऱ्या काचेवर पैसा ओतायचा आणि मागे बोळकांडीत चार टब ठेवायचे, ही मत्स्यालय बांधण्याची सर्रास रीत आहे. आराखडा मंजूर करणाऱ्यांनी पहिला प्रश्न मागच्या खोलीबद्दल विचारला पाहिजे.

आता स्वच्छ पाण्याबद्दल. प्रेक्षकाला पाणी काचेसारखं हवं असतं. त्याने तिकीट काढलंय, त्याला मासा दिसायला हवा, हे मला समजतं. पण नदी बहुतेक वेळ तशी नसते. पालापाचोळा कुजून चहासारखं झालेलं पाणी, पुराचं मातकट पाणी, शेवाळाने हिरवट पाणी यांत वाढलेल्या माशाला लख्ख दिव्याखालचं नितळ पाणी म्हणजे उघड्यावर उभं केल्यासारखं असतं. तळाचे मांजरमासे आणि वाम दिवसभर एका कोपऱ्यात एकमेकांवर रचून पडलेले दिसतात. लोक म्हणतात, किती आळशी. ते आळशी नसतात, त्यांना आडोसा मिळालेला नसतो. भीती सतत राहिली की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं आणि रोगाशी लढायची ताकद उतरते. माशांमध्येही हे तसंच घडतं. उपाय फार महागडा नाही. अर्धी टाकी अंधारात ठेवा, बुंधे आणि मुळं द्या, दिवे मंद करा, पाण्याला पानांचा रंग येऊ द्या. मासा कमी दिसेल. पण जो दिसेल तो मासा असेल, कोपऱ्यातला ढीग नसेल.

एवढं सगळं केलं तरी जे राहून जातं ते म्हणजे ऋतू.

माणसाच्या सोयीने चालणाऱ्या टाकीत वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस एकच दिवस असतो. सकाळी नऊला दिवे, संध्याकाळी सातला बंद. तापमान एकच. पाण्याची पातळी एकच. खाणं रोज त्याच वेळी, तेवढंच. हे स्थैर्य म्हणजे उत्तम काळजी असं मलाही आधी वाटायचं. पण मासा वर्ष ओळखतो ते बदलांवरून. युरोपातल्या नद्यांमधला पर्च घ्या. त्याला हिवाळ्याचे काही महिने थंड पाणी मिळालं नाही तर त्याच्या पोटातली अंडी नीट पिकत नाहीत. तो मरत नाही, खातो, जाड होतो, काचेपुढे पोहतो. वर्ष मात्र त्याच्यासाठी पुढे सरकत नाही.

उष्ण प्रदेशातल्या नद्यांमध्ये हिवाळ्याचं काम पूर करतो. रोहू आणि मृगळ तळ्यात उत्तम वाढतात, मादीचं पोट अंड्यांनी भरतं, पण साठलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाही. चढतं, वाहतं, नवं पाणी आलं तरच घालते. मत्स्यशेती करणारे पिढ्यान् पिढ्या नदीतून बीज गोळा करून आणत ते याच कारणाने. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी दुसऱ्या माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली आणि भारतातल्या मत्स्यशेतीचं चित्रच पालटलं. मत्स्यशेतीसाठी ते फार मोठं काम होतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: पुराचा निरोप पोहोचला नाही तर पोटभर खाणारा, धडधाकट मासाही अर्ध्यातच थांबून राहतो, आणि तो निरोप इतका नेमका असतो की माणसाला त्याच्या जागी सुई टोचावी लागली. न घातलेली अंडी शरीराला पुन्हा जिरवावी लागतात, ती नेहमीच नीट जिरत नाहीत, आणि पोट फुगलेल्या माद्या हळूहळू खंगत जातात. प्रदर्शनाच्या टाकीतल्या कितीतरी ‘नैसर्गिक’ मृत्यूंच्या मागे ही थांबलेली वर्षं असतात.

ऋतू टाकीत आणता येतो. दिव्यांचं वेळापत्रक आठवड्याला काही मिनिटांनी सरकवायचं, थंडीत पाणी गार होऊ द्यायचं, त्या काळात खाणं कमी करायचं, पावसाळ्याच्या तोंडाला एकदम बरंच गार, मऊ पाणी सोडून पातळी चढवायची, पंपाचा जोर वाढवायचा. स्थानिक माशांच्या बाबतीत हे सर्वांत सोपं आहे, कारण बाहेर तोच ऋतू चालू असतो. उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला आणि हिवाळ्यात तापवायला लागणारी वीजही त्यामुळे पुष्कळ वाचते. अडचण एकच: थंडीत मासे मंदावतील, तळाशी जातील, टाकी रिकामी वाटेल. तेव्हा पाटीवर लिहावं की नदीत हिवाळा आहे. माझा अनुभव असा आहे की कारण सांगितलं तर लोक थांबतात, आणि लपलेला मासा शोधायला मुलांना आवडतो.

प्रवाहाचंही तेच. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. डोंगरातल्या ओढ्यांमधले मासे थंड, धावत्या, फेसाळ पाण्यावर पोसलेले असतात. त्यांना उबदार संथ टाकीत ठेवलं की ते पृष्ठभागाजवळ येऊन भराभर कल्ले हलवतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की भूक लागली आहे. पोहायला प्रवाह नसेल तर स्नायू सैल पडतात आणि अंगावर चरबी चढते. यात अडाणीपणाने दिलेल्या खाण्याची भर पडते. शिकारी माशांना रोज तेच गोठवलेले मासे घातले जातात. काही जातींच्या मांसात ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, आणि असं खाणारा मासा भरल्या पोटी कुपोषित होऊन एक दिवस गटांगळ्या खायला लागतो.

आजार बाहेरून येतो तो बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर, आणि स्थानिक माशांच्या बाबतीत इथे ढिलाई सर्वांत जास्त. लांबून आलेल्या माशाला विलगीकरणात ठेवतात. नदीतून सकाळी आणलेला मासा दुपारी टाकीत सोडलेला मी पाहिला आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळ्या मासेवाल्यांना ठाऊक आहे. त्याचा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, मग सुटून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ते पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते या पोहत्या अवस्थेवरच. उबदार पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं. पाणी १० अंशांच्या आसपास असेल तर महिन्याहून जास्त लागतो. तेव्हा थंड पाण्यातल्या माशाला नियमावर बोट ठेवून पंधरा दिवस वेगळं ठेवलं आणि ठिपके दिसले नाहीत म्हणून मोठ्या टाकीत सोडलं, तर आपण काहीच तपासलेलं नसतं. विलगीकरणाचे दिवस पाण्याच्या तापमानावर मोजायला हवेत.

आणि हा धोका टाकीपुरता राहत नाही. नॉर्वेत १९७० च्या दशकात बाल्टिक भागातल्या सामन (सॅल्मन) माशाच्या पिल्लांबरोबर गायरोडॅक्टिलस नावाचा जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा परजीवी आला. बाल्टिक सामनला त्याची सवय होती, तो दिसायला ठणठणीत होता. नॉर्वेच्या सामनला ती नव्हती. सुमारे पन्नास नद्यांत तो पसरला, आणि अनेक नद्यांमध्ये सगळेच मासे मारून, नदी धुऊन काढून पुन्हा सुरुवात करावी लागली. मत्स्यालयाचं सांडपाणी शेवटी त्याच नदीच्या दिशेने जातं जिथून त्याचे स्थानिक मासे आलेले असतात. परदेशी माशाच्या अंगावरचा परजीवी त्या पाण्यात पोहोचला तर त्याला तिथे अगदी ओळखीचे यजमान मिळू शकतात. बाहेर जाणारं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय सोडायचं नाही आणि जास्तीचे मासे दयेपोटी नदीत सोडायचे नाहीत, हे दोन नियम मला चर्चेपलीकडचे वाटतात.

स्थानिक मासे ठेवू नयेत असं म्हणणारेही आहेत. त्यांचं म्हणणं, नदीतून पकडण्याऐवजी नदीत राहू द्या. त्यांच्या रागाला कारण आहे. पश्चिम घाटातला, अंगावर लाल-काळा पट्टा मिरवणारा डेनिसनी बार्ब जगभरच्या हौशी टाक्यांत पोहोचला आणि त्याच्या ओढ्यांतून इतका उपसला गेला की आज तो संकटग्रस्त जातींत मोजला जातो. शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला (जीनसला) सह्याद्रिया असं नाव दिलं. त्याला पकडण्यावर घातलेल्या बंदीचे महिने आणि त्याचा खरा विणीचा काळ जुळत नसल्याचंही अभ्यासकांनी दाखवलं. इथेही ऋतू चुकलाच. म्हणून माझी अट आहे की टाकीतला स्थानिक मासा शक्यतो टाकीतच जन्मलेला असावा, आणि जो नदीतून आणावा लागेल त्याचं कारण लेखी असावं.

पण हात झटकून मोकळं होणं परवडणारं नाही. गोड्या पाण्याने पृथ्वीचा शेकडा एक भागसुद्धा व्यापलेला नाही, आणि माशांच्या निम्म्याहून अधिक जाती त्यात राहतात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत गोड्या पाण्यातल्या तपासलेल्या प्राण्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती नामशेष होण्याच्या वाटेवर असल्याचं दिसलं. यांगत्झे नदीतला चिनी पॅडलफिश २००३ नंतर कुणाला जिवंत दिसला नाही; २०२२ मध्ये तो नामशेष जाहीर झाला. पाळीव अवस्थेत त्याची वीण कधी साधली नव्हती, त्यामुळे नदीतला शेवटचा मासा गेला तेव्हा मागे काहीच उरलं नाही.

याउलट मेक्सिकोतला टकीला मासा पाहा. बोटाएवढा, शेपटीवर नारिंगी कड असलेला, एकाच छोट्या नदीचा. २००३ पर्यंत तो निसर्गातून पुरता गेला होता. पण १९९८ मध्ये इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाने पाच जोड्या मेक्सिकोतल्या मिचोआकान विद्यापीठाला दिल्या होत्या आणि तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं तो वंश टिकवला. मला यातला पुढचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. टाकीतून मासे थेट नदीत सोडले नाहीत. चाळीस नर आणि चाळीस माद्या मोठ्या उघड्या तळ्यांत सोडल्या, जिथे खाणं कमी-जास्त व्हायचं, परजीवी होते, टिपणारे शत्रू होते. चार वर्षांत ते दहा हजारांच्या घरात गेले. मगच दीड हजार मासे त्यांच्या मूळ पाण्यात गेले, आणि तिथे ते वाढले. काचेआडच्या माशाला आधी ऋतू शिकवले, नदी नंतर दाखवली.

अमेरिकेतल्या टेनेसी नदीत लेक स्टर्जन नावाचा मासा विसाव्या शतकात संपला होता. २००० सालापासून चॅटनूगाचं टेनेसी ॲक्वेरियम आणि त्याचे साथीदार पिल्लं वाढवून नदीत सोडत आहेत. या माशाची मादी वयात यायला वीस-पंचवीस वर्षं घेते, म्हणजे आज पिल्लू सोडणारा माणूस त्याची वीण पाहीपर्यंत निवृत्त झालेला असतो. २०२२ च्या आढाव्यात जगातल्या उरलेल्या सगळ्या २६ स्टर्जन जाती धोक्यात असल्याचं आढळलं, तेव्हा असलं काम कुणीतरी करायलाच हवं. जपानमध्ये गिफूचं ॲक्वा टोटो आणि पोर्तुगालमधलं मोराचं फ्लुव्हियारियो यांनी तर मांडणीचा मुख्य भागच आपल्याकडच्या नदीभोवती रचला: उगमापासून सुरुवात करायची आणि मुखाशी पोहोचायचं. तिथे करडे मासे शेवटच्या मार्गिकेत ढकललेले नाहीत.

राहिला हिशेब. बऱ्याच ठिकाणी माशांची नोंद एकेका जिवाची नसते, थव्याची असते. पन्नास आणले, आता एकतीस आहेत. मधले एकोणीस कुठे गेले, कोणत्या वयात, कशाने, हे विचारणारा कुणी नसतो. पन्नास पुन्हा भरले की थवा पूर्ण दिसतो आणि प्रेक्षकाला वाटतं हे तेच मासे. पाण्याखालचं हे नूतनीकरण मला अप्रामाणिक वाटतं. मत्स्यालयाच्या दारावर वर्षाचा तक्ता लावावा: जातीनिहाय किती होते, किती जन्मले, किती आणले, किती मेले, किती वयाचे होऊन मेले. शवचिकित्सा झाली का. ‘नैसर्गिक’ हा शब्द त्या माशाचं वय लिहिल्याशिवाय वापरता येऊ नये.

यावर मला नेहमी दोन उत्तरं मिळतात. एक, नदीत तर हजारातलं एक पिल्लू जगतं, मग टाकीतल्या मृत्यूंचा एवढा बाऊ कशाला? पण नदीतले मृत्यू नदीच्या खात्यावर असतात, आणि ते कुणाचं तरी खाणं होऊन जातात. टाकीत मासा आपण ठेवला आहे. तिथे पूर नाही, बगळा नाही, गळ नाही. मग तो नदीतल्या आपल्या भावंडाहून लवकर मरत असेल तर दोष आपलाच. शिकागोच्या शेड ॲक्वेरियममध्ये ग्रँडडॅड नावाचा ऑस्ट्रेलियन फुप्फुसमासा १९३३ पासून २०१७ पर्यंत जगला. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातली त्याच जातीची मेथुसेला १९३८ मध्ये आली, आणि २०२३ मधल्या डीएनए तपासणीत तिचं वय नव्वदीच्या पुढे निघालं. म्हणजे कौशल्य आहे, चिकाटीही आहे. ती लांबच्या पाहुण्यांना मिळाली, तशीच घरच्यांना मिळावी एवढंच मागणं आहे.

दुसरं उत्तर, आकडे उघड केले तर लोक मत्स्यालयं बंद करायला निघतील. काही निघतील. पण लपवलेला आकडा सापडल्यावर जितके निघतील, त्याहून ते कमीच असतील. आणि आत काम करणाऱ्याला त्या तक्त्याने बळ येतं. माझ्या हातात तेव्हा असा तक्ता असता तर नऊ मासे दीड महिन्यात गेले हे कुणालाही दिसलं असतं, आणि खडी बदलायला मला विनवण्या कराव्या लागल्या नसत्या.

ती खडी शेवटी बदलली. पाच महिन्यांनी, दुसऱ्याच कारणाने टाकी उपसावी लागली तेव्हा. आम्ही बारीक, गोल नदीची वाळू आणली, दहा-दहा वेळा धुतली आणि हातभर जाडीचा थर घातला. मुळं शाबूत असतील तर माशाच्या मिशा पुन्हा फुटतात. काही आठवड्यांनी पहाटेच्या फेरीत बॅटरी तिरकी धरली तेव्हा उरलेल्यांपैकी एक मासा डोळ्यांपर्यंत वाळूत शिरला होता, कल्ल्यांतून वाळूचा धूर सोडत. त्याने तोंड बाहेर काढलं. खुंटांच्या टोकाला पांढरट, केसाएवढी बारीक नवी मिशी आली होती. वहीत अशा नोंदीसाठी रकाना नव्हता. मी ती समासात लिहिली.